पाळीचें पाणी आणि आमचे भाऊबंद

माघ सरला कीं आमच्या पठारावरील गांवांतून एक ठराविक भांडण सुरू होतें. त्याची सुरुवात बांधावर होते, मग तें चावडीवर येतें, आणि ज्याच्या पदरीं चार पैसे असतील तो पुढें तें तालुक्याच्या कचेरींत नेतो. भांडण जमिनीचें नसतें, सोन्यानाण्याचें नसतें; सामाईक विहिरीवरील एका रात्रीच्या पाण्याचें असतें. पाळी कोणाची होती, वीज किती वाजतां गेली, बुडालेले दोन तास कोणीं भरून द्यावयाचे, एवढाच काय तो प्रश्न. परंतु तेवढ्यावरून सख्ख्या चुलत्यापुतण्यांचीं डोकीं फुटलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. म्हणून ह्या आठवड्यांत दुसरे सर्व विषय बाजूस ठेवून ह्या पाण्याविषयींच लिहावें असें आम्हीं योजिलें आहे. मोठमोठ्या धरणांविषयीं व कालव्यांविषयीं लिहिणारे पुष्कळ आहेत. दोन-तीन एकरांचा धनी, त्यांत अर्धा एकर मळा, आणि त्या मळ्यास चार आण्यांची विहीर, अशा माणसाविषयीं लिहिणारे थोडे. आणि आमचा वाचक तर बहुतकरून तोच.

पाळी म्हणजे काय, हें ज्यांनीं नळाचें पाणी पिऊनच जन्म काढला त्यांस थोडक्यांत सांगितलें पाहिजे. आज्यानें विहीर खणली, त्यास चार मुलगे झाले, जमिनीचे चार तुकडे पडले. जमीन बांध घालून वांटतां येते. विहीर तशी वांटतां येत नाहीं. म्हणून पाणी दिवसांनीं वांटतात. रुपयाचे सोळा आणे, तशी विहीर सोळा आण्यांची. कोणाचा हिस्सा चार आणे, कोणाचा दोन आणे, कोणाचा एकच आणा. त्या हिश्शाप्रमाणें दिवस ठरतात, आणि त्याच हिश्शाप्रमाणें गाळ काढण्याचा, कठडा बांधण्याचा व मोटार जळाली तर ती भरून आणण्याचा खर्च पडतो. आणे चलनांतून जाऊन साठांवर वर्षें लोटलीं, पण विहिरीवर ते अजून चालतात.

शाळेंत अपूर्णांक शिकवीत असतां आम्हांस एकदां मोठी अडचण पडली. एक-बारांश म्हणजे काय, हें फळ्यावर भाकरीचें चित्र काढून सांगितलें तरी वर्गांत कोणास उमजेना. तेव्हां मागें बसलेला एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, आमची पाळी बारा दिवसांतून एकदां येते, तेंच ना हें?" लागलीच सगळा वर्ग शहाणा झाला. त्या मुलानें आपल्या विहिरीचा सारा हिशेब सांगितला. मूळ भाऊ चार, प्रत्येकाचे तीन दिवस. थोरल्याच्या घरानें दुसऱ्या एका भावाचा हिस्सा अडीअडचणींत विकत घेतला, तेव्हां त्याचे झाले सहा. तिसऱ्याचे तीन तसेच राहिले. चौथा म्हणजे ह्या मुलाचा आजा. त्यास तीन मुलगे, म्हणून दर मुलास एकेक दिवस. गणित अगदीं बरोबर होतें. पण त्या गणितांत एका घराचा अर्धा दिवसकाळ आणि दुसऱ्या घराचा बारावा हिस्सा कसा झाला, हेंही त्या पोरानें नकळत सांगून टाकलें होतें.

मोटेचा काळ आम्हीं स्वतः पाहिला नाहीं, पण ज्यांनीं मोट हांकिली असे म्हातारे आमच्या गांवांत परवां-परवांपर्यंत होते. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा कीं, त्या वेळीं विहिरीवर कायदा चालत असे तो बैलाच्या दमाचा. धावेवरून बैल उतरावयाचे, मोट थारोळ्यांत ओतावयाची, पुन्हां बैल मागें सारावयाचे; दुपार चढली कीं बैल सोडावेच लागत. जितकें पाणी वर येई तितक्या वेळांत खालच्या झऱ्यांतून थोडें तरी आंत येई. एखाद्याच्या मनांत लोभ असला तरी त्याच्या बैलांच्या अंगांत तो नसे. पुढें इंजिन आलें, त्यामागून विजेची मोटार आली, आणि बैलाचा दम संपला. ह्याबद्दल आम्ही रडगाणें गात नाहीं. बैलांच्या व गड्यांच्या पाठीवरचा तो जाच गेला हें फार चांगलें झालें. एवढेंच म्हणणें आहे कीं, बैलाच्या दमाच्या जागीं माणसाचा नियम यावयास पाहिजे होता, तो पुष्कळ ठिकाणीं आलाच नाहीं.

थोडें मोजून पाहूं. वीस फूट व्यासाची विहीर आहे आणि तींत दहा फूट पाणी उभें आहे, असें समजा. तें सुमारें ३१४० घनफूट, म्हणजे सुमारें ८९ हजार लिटर भरतें. आतां एका एकरावर नुसतें एक इंच पाणी उभें करावयाचें तर १ लाख ३ हजार लिटर लागतें. म्हणजे जी विहीर डोळ्यांना भरलेली दिसते ती सगळी उपसली तरी एका एकरावर इंचभरही पाणी होत नाहीं! बरी मोटार असली तर असली विहीर चार-पांच तासांत कोरडी पडते. आमचा शेतकरी विहिरींत वाकून पाहतो आणि म्हणतो, "पाणी हाय अजून." तो खोटें बोलत नाहीं, पण त्यानें पाहिलेलें पाणी म्हणजे हातांतली रोकड, उत्पन्न नव्हे. उत्पन्न म्हणजे एका दिवसरात्रींत झऱ्यांतून जें चढतें तें. चैत्र-वैशाखांत त्याच विहिरींत दिवसरात्र मिळून साडेचार फूट पाणी चढत असेल, तर तें सुमारें ४० हजार लिटर झालें. उन्हाळ्यांत भाजीपाल्यास दिवसाला सहा मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतें. दहा गुंठ्यांस तें सहा हजार लिटर होतें. सात हिस्सेदार असले तर दर हिस्सेदारास साडेनऊ गुंठे माळवें जगवितां येईल, आणि विहीर जिथल्या तिथें राहील. पण त्यांतल्या एकानें एक एकर ऊस उभा केला, तर त्यालाच रोज २४ हजार लिटर लागणार. उरलेल्या सहांनीं १६ हजारांत भागवावयाचें. हें पांचवीच्या मुलास समजतें. त्याच्या बापास समजत नाहीं असें नाहीं. त्याला कोणीं मोजून दाखविलें नाहीं एवढेंच.

आणि जमिनीखालीं समुद्र आहे अशी जी एक समजूत पसरली आहे, ती तर साफ खोटी आहे. महाराष्ट्राच्या भूमीचा शेंकडा ८० हून अधिक भाग काळ्या अग्निजन्य कातळाचा आहे. ह्या कातळाच्या वरचा मुरूम आणि त्याखालच्या भेगा, ह्यांत जें मुरेल तेवढेंच आमचें पाणी. गंगेच्या कांठच्या गाळवट जमिनीसारखी आमची जमीन नव्हे. वर्षास ५०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गांवीं त्यांतला दहावा हिस्सा मुरला असें धरलें, तर दर एकरास वर्षाकांठीं सुमारें दोन लाख लिटर शिल्लक पडते. उसास वर्षाला २००० मिलिमीटर पाणी धरून त्यांतून पावसाचें ५०० वजा केलें तरी एकरीं ६० लाख लिटर जमिनींतून उपसावें लागतें. म्हणजे एक एकर ऊस तीस एकरांचें मुरलेलें पाणी पितो. त्या तीस एकरांपैकीं ऊसवाल्याचे स्वतःचे किती, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे किती, हा प्रश्न ज्यानें त्यानें आपल्या गांवच्या शिवारांत उभें राहून विचारावा.

आतां बोअरचें घ्या. विहीर आटली कीं आमचा भाऊ प्रथम जातो तो पाणाड्याकडे. तो तळहातावर नारळ उभा करून रानभर फिरतो. नारळ पडला कीं तेथें पाणी! मग मुहूर्त, पूजा, नारळ फोडणें, आणि रात्रभर यंत्राची घरघर. शंभर फूट, दोनशें फूट, चारशें फूट, धूळच धूळ. यंत्रवाला फुटावर पैसे घेतो, पाण्यावर नव्हे, हें आमच्या लोकांच्या अजून ध्यानांत येत नाहीं. जोतीरावांनीं ज्या अज्ञानावर आयुष्यभर कोरडे ओढले तेंच हें अज्ञान, फक्त सोवळ्याऐवजीं आतां तें यंत्रावर बसून येतें. बरें, बोअरला पाणी लागलें तरी तें कोठून येतें? पुष्कळ वेळां शेजारच्या सामाईक विहिरीच्या झऱ्यांतूनच. म्हणजे ज्या विहिरीवर सातांची पाळी, तिच्याच बाजूस एकानें आपल्या बांधाच्या आंत भोंक पाडावें आणि सातांच्या पाळीचें पाणी एकट्यानें चोवीस तास ओढावें! पाळी कागदावर तशीच राहते, विहीर मात्र रिकामी.

ह्यावर दाद कोठें मागावी? इंग्रजी अमदानींतील १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा अजून अंमलांत आहे, आणि जमिनींतून ठराविक प्रवाहावांचून झिरपणारें पाणी ज्याच्या हद्दींत सांपडेल त्यानें तें गोळा करावें, हा त्या जमीनमालकाचा हक्क त्यांत मानलेला आहे. १९९३ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें पिण्याच्या सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरांच्या आंत नवी विहीर खणण्यास आळा घातला. २००९ चा भूजल कायदा २०१४ सालीं अंमलांत आला आणि त्यांत ६० मीटरांहून खोल विहिरींवर निर्बंध घालण्याची तरतूद झाली. कायदे वाचले कीं समाधान वाटतें. पण रात्रीं दहा वाजतां यंत्राची गाडी शिवारांत शिरते तेव्हां तिच्यापुढें उभा राहणारा कोण? गांवकामगार आपल्या घरीं निजलेला असतो, आणि ज्याच्या रानांत यंत्र लागलें आहे तो बहुधा गांवांतलें वजनदार असामी असतो.

येथें आम्हांस आमच्याच समाजाविषयीं चार कडू शब्द लिहिणें भाग आहे. वाचकांनीं रागावूं नये; रागावले तरी आमचा इलाज नाहीं. आमच्या वडिलांच्या पिढ्यांनीं शेटजी-भटजींविरुद्ध लेखणी झिजविली, ती योग्यच होती. कुळकर्ण्याच्या दप्तरांत कुणब्याचें रान बुडत होतें, सावकाराच्या वहींत त्याचा बैल बुडत होता. पण आज गांवच्या पाण्याचा मोठा घोट कोण घेतो? बाजार समितींत, सोसायटींत, कारखान्याच्या संचालक मंडळांत कोण बसला आहे? तो आमचाच भाऊ आहे, आमच्याच पंगतीला जेवतो, आमच्याच नेत्यांच्या तसबिरीला हार घालतो. त्याच्या बोअरनें त्याच्याच चुलतभावाचा मळा वाळला, आणि तो चुलतभाऊ आतां त्याच्याच द्राक्षबागेंत रोजानें छाटणी करतो. ह्यास बहुजनसमाजाची उन्नति म्हणावयाचें असल्यास ज्यानें त्यानें खुशाल म्हणावें.

सरकारची देणगीही जिकडे पाणी तिकडेच वाहते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज २०२४ सालीं मोफत करण्यांत आली. गरीब शेतकऱ्याचें ओझें कमी झालें तर आम्हांस आनंदच आहे. पण ज्याचे तीन पंप त्यास तीन वांटे, ज्याची पाळी बारांतून एक त्यास बारावा वांटा, आणि ज्यास विहीरच नाहीं त्यास शून्य, असा हा प्रसाद आहे. शेततळ्यांचेंही तेंच. वाहून जाणारें पावसाचें पाणी अडवावें म्हणून शेततळीं निघालीं. पुष्कळांनीं त्यांत कागद अंथरला आणि हिवाळ्यांत विहिरी-बोअरचें पाणी उपसून तीं भरून ठेविलीं. तीस मीटर लांब-रुंद तळ्यावरून उन्हाळ्याच्या दिवसांत आठ मिलिमीटर पाणी उडून जातें असें धरलें, तरी रोज ७,२०० लिटर झालें. वर सात हिस्सेदारांच्या विहिरीचा हिशेब केला आहे, त्यांतील एका घराच्या रोजच्या वांट्याहून हें अधिक आहे. जमिनीखालीं थंड सांवलींत असलेलें सर्वांचें पाणी वर काढून उन्हांत ठेवावयाचें, आणि त्यास साठवण म्हणावयाचें, ही अक्कल कोणाची?

पाण्याचा प्रश्न हा आमच्या चळवळीचा जुना प्रश्न आहे. जोतीराव फुल्यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. त्यांनींच 'शेतकऱ्याचा असूड' ह्या १८८३ सालच्या ग्रंथांत शेतांना ताली-बांध घालून पाऊस जमिनींत जिरवावा व दऱ्याखोऱ्यांत तळीं-तलाव बांधावे, असा उपाय सांगितला. १९२३ सालीं मुंबई कायदे कौन्सिलांत रावबहादुर सी. के. बोले ह्यांचा सार्वजनिक पाणवठ्यांविषयींचा ठराव मंजूर झाला, आणि तो कागदावरच राहिला म्हणून १९२७ सालीं डॉ. आंबेडकरांस महाडच्या चवदार तळ्यावर जावें लागलें. आज राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत विहिरी व तळीं हे शब्द लिहिलेले आहेत. हें सर्व पिण्याच्या व सार्वजनिक पाण्याचें झालें. शेताच्या विहिरीच्या पाळींत मात्र ज्याच्या आज्याला जमीन नव्हती त्याला आजही आणा नाहीं, पै नाहीं. पाण्याची मालकी जमिनीच्या शेपटीला बांधून ठेविली आहे, तोंपर्यंत भूमिहीन महार-मांग-रामोश्याला मळा कसा तो दिसणार नाहीं.

ही शेपटी तोडून पाहणारा एक प्रयोग आपल्याच मुलखांत होऊन गेला आहे, आणि तो आमच्या लोकांनीं जवळजवळ विसरून टाकला, हें आम्हांस फार लागतें. १९७२ च्या दुष्काळांत विलासराव साळुंखे नांवाचे पुण्याचे एक इंजिनियर व कारखानदार पुरंदर तालुक्यांत फिरले. लोक खडी फोडीत होते. त्यांनीं नायगांव येथें देवस्थानाची ओसाड माळजमीन भाड्यानें घेऊन तीवर बांधबंदिस्ती केली, पाणी अडविलें, विहीर केली, आणि पुढें त्यांतून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम ऐकावे. पाणी जमिनीच्या मानानें नव्हे, घरांतल्या माणसांच्या मानानें. दर माणशीं अर्ध्या एकरापुरतें, आणि घर कितीही मोठें असलें तरी अडीच एकरांवर नाहीं. ऊस लावावयाचा नाहीं. योजनेच्या खर्चाचा पांचवा हिस्सा लाभधारकांनीं स्वतः घालावयाचा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाहीं. आणि ज्यास जमीनच नाहीं त्यासही पाण्याचा हक्क आहे. हा शेवटचा नियम वाचून कित्येक बागाईतदारांस हंसूं येतें: जमीन नाहीं तो पाणी काय डोक्यावर ओतून घेणार? त्यांस आमचें उत्तर असें कीं, ज्यापाशीं पाणी आहे त्याला जमीन खंडानें किंवा वांट्यानें मिळते. ज्यापाशीं कांहींच नाहीं त्याला कोणी बांधावरही उभा करीत नाहीं. साळुंखे २००२ सालीं वारले. पाणी पंचायतीच्या साऱ्या योजना सारख्या चालल्या नाहींत, कांहीं मोडल्या, हेंही खरें. पण मोडल्या त्या नियमाच्या चुकीनें मोडल्या, कीं नियम मोडणाऱ्यांच्या वजनानें, ह्याचा शोध प्रत्येक गांवानें घ्यावा.

दुसरें उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारचें. तें सर्वांस माहीत आहे, म्हणून फार लिहीत नाहीं. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाल्यावर त्या गांवानें डोंगरावर चर खणले, कुऱ्हाडबंदी केली. तें पाहावयास मोटारी भरभरून लोक जातात आणि चरांचे फोटो घेऊन परत येतात. आमच्या मतें पाहण्याजोगी गोष्ट चर ही नव्हे. पाऊस संपल्यावर गांव ग्रामसभेंत बसतें, यंदां पाणी किती आलें तें मांडतें, माणसांचें व जनावरांचें आधीं बाजूस काढतें, आणि उरलेल्यावर रब्बीचीं पिकें ठरवितें. शेतीसाठीं बोअर नाहीं, ऊस नाहीं, केळी नाहीं. हा हिशेब करण्यास सरकारी अनुदान लागत नाहीं. म्हणूनच बहुधा तो कोणी करीत नाहीं!

आतां आमच्या पाहण्यांतील एका लहान विहिरीची गोष्ट सांगतों. गांवाचें नांव देत नाहीं. सात हिस्सेदार, सारखे हिस्से, दर हिस्सेदाराचे दोन दिवस, म्हणजे चौदा दिवसांचा फेरा. सहावा हिस्सा एका विधवा बाईचा. तिचा मुलगा आमच्या वर्गांत. हा मुलगा दर पंधरवड्यास दोन दिवस वर्गांत झोपे. प्रथम आम्हीं त्यास रागें भरलों, त्याबद्दल आम्हांस आज वाईट वाटतें. पुढें हजेरीपट पाहतां पाहतां ध्यानांत आलें कीं, हे दोन दिवस ठराविक आहेत. विचारलें तेव्हां कळलें कीं, ते दोन दिवस त्यांच्या पाळीचे. आई पाट चालविते आणि हा रात्रभर बॅटरी घेऊन दारें धरतो. सगळेच कधीं ना कधीं रात्रीं दारें धरतात, त्यांत नवल नाहीं. पण ह्यांची पाळी नेहमींच रात्रीची कां? त्या गांवीं शेतीची वीज एक आठवडा दिवसा व एक आठवडा रात्रीं अशी येत असे. फेरा चौदा दिवसांचा, आणि विजेचाही फेरा चौदा दिवसांचा! म्हणजे पहिल्या तिघांस जन्मभर दिवसाचें पाणी, शेवटच्या तिघांस जन्मभर रात्रीचें, आणि मधल्या चौथ्यास एक दिवस असा, एक तसा. साप-विंचू, थंडी, अंधारांत फुटलेला पाट, हें सारें शेवटच्या तीन घरांच्या कपाळीं. हें कोणीं मुद्दाम केलें नव्हतें. पण पहिल्या तिघांनीं तें कधीं मोजूनही पाहिलें नव्हतें.

आम्हीं एका सायंकाळीं सातही जणांस विहिरीवर बसविलें आणि जमिनीवर काडीनें रेघा ओढून हा फेरा दाखविला. उपाय सोपा होता. दोन-दोन दिवसांऐवजीं एकेक दिवसाची पाळी करावी. सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत एक दिवस धरावा. मग फेरा सात दिवसांचा होतो, आणि प्रत्येकास एक आठवडा दिवसाचें, एक आठवडा रात्रीचें पाणी आपोआप येतें. शिवाय भाजीपाल्यास चौदा दिवसांनीं भरपूर पाणी देण्यापेक्षां सात दिवसांनीं थोडें देणें केव्हांही चांगलें. हें ऐकून त्यांतले सर्वांत वडील गृहस्थ म्हणाले, "आज्यापंज्यानं घालून दिल्याली पाळी हाय, मोडायची न्हाई." आम्हीं विचारलें, "आबा, आज्यानें दोन दिवस कां ठेविले?" त्यावर त्यांचें त्यांनींच उत्तर दिलें. मोटेनें एका दिवसांत रान भिजत नसे, बैल जुंपणें, नाडा-सोंदूर चढविणें ह्यांतच सकाळ जाई, म्हणून दोन दिवस. बोलतां बोलतां ते थांबले. मोट गेली, पण तिच्यासाठीं केलेला नियम मोटारीला लावून आपण बसलों आहोंत, हें त्यांच्या तोंडूनच निघालें होतें.

तरीही लागलीच कोणी कबूल झालें नाहीं, हेंही लिहिलें पाहिजे. नाहींतर वाचक म्हणतील गुरुजींनीं काडी फिरविली आणि सत्ययुग आलें. पहिल्या तिघांचें दिवसाचें पाणी अर्धें जाणार होतें. कांदेवाल्याचें म्हणणें, मला सलग दोन दिवस लागतात. महिनाभर बोलाचाली झाल्या, एकदां हमरीतुमरीही झाली. शेवटीं एका हंगामापुरतें करून पाहूं असें ठरलें. कांदेवाल्यानें आपली शेजारच्याशीं अदलाबदल करून घ्यावी, पण ती दोघांच्या राजीखुशीनें व आदल्या दिवशीं सर्वांस सांगून. वीज गेली तर बुडालेले तास कोणीं कोणाकडे मागावयाचे नाहींत, कारण वर्षाअखेर सर्वांचे सारखेच बुडतात. ह्या एका कलमानें निम्मीं भांडणें बंद पडलीं. फाल्गुनापुढें दहा गुंठ्यांवर कोणीं हिरवें ठेवावयाचें नाहीं. एका वहींत हें लिहून सातांच्या सह्या झाल्या. बाईचीही झाली, अंगठा नव्हे, सही. तो मुलगा आतां पंधरवड्यांतून एकच दिवस वर्गांत झोपतो. बाकीच्या घरचींही पोरें आतां आळीपाळीनें डुलक्या घेतात. आम्ही त्यांस उठवीत नाहीं.

बोअर न पाडण्याचें कलम मात्र त्या वहींत आलें नाहीं. दोघांनीं सही करण्याचें नाकारलें. त्यांतल्या एकाचा मुलगा शहरांत नोकरीस आहे आणि पैसे पाठवितो. त्यानें उद्यां यंत्र आणलें तर वही, काडी आणि आमचें गणित, सारेंच पालथें पडेल, हें आम्ही जाणून आहों. म्हणूनच सात जणांच्या वहीवर हा विषय संपत नाहीं. तो साऱ्या गांवाच्या ग्रामसभेंत गेला पाहिजे. बोअर कोठें व किती खोल, हंगामांत बागाईत किती, आणि ज्यांस विहीर नाहीं अशा घरांस सार्वजनिक तळ्याच्या किंवा नव्या विहिरीच्या पाण्यांत किती वांटा, हे तीन प्रश्न ग्रामसभेच्या पत्रिकेवर घेण्याविषयीं सदस्यांनीं लेखी मागणी करावी. तोंडी मागणीची नोंद होत नाहीं, हा आमचा अनुभव आहे.

तूर्त हिस्सेदारांस एवढेंच सांगणें कीं, आपली पाळी तोंडावर ठेवूं नका. वांटणीपत्र करतां तेव्हां गुंठे लिहितां, झाडें लिहितां, गोठ्याची कौलें मोजतां. विहिरीचा हिस्सा, पाळीचे दिवस आणि पाट कोणाच्या रानांतून जाणार हेंही लिहा, आणि सातबाराच्या उताऱ्यावर त्याची नोंद आहे कीं नाहीं तें स्वतः वाचून पाहा. पाट अडविला तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखालीं तहसीलदाराकडे अर्ज करतां येतो, आणि तो सहा महिन्यांच्या आंत करावा लागतो; पुष्कळ लोक नातेवाईकांच्या भिडेनें वर्ष घालवितात आणि मग कचेरींत हात हलवीत परततात. बहिणींच्या हक्कसोडपत्रावर सह्या घेतांना विहिरीचा हिस्साही त्यांतच जातो, हें बहिणींनींही ध्यानांत ठेवावें.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं पाळीचे जुने कागद, आण्यांचे हिशेब, अथवा विहिरीवर ठरलेल्या नियमांच्या वह्या असतील त्यांनीं त्यांच्या नकला आमच्याकडे पाठवाव्या. हिस्सेदारांचीं नांवें आम्ही छापणार नाहीं. हिस्सेदार किती, फेरा किती दिवसांचा, आणि वीज गेल्यास काय करतात, एवढें अवश्य कळवावें. जागा होईल तसतशा त्या नकला पुढील अंकांतून देत जाऊं.